ताईची संसद

आमच्या मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या घरात गॅराजचं दार वर जायला लागलं की स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या वाट्या बारीक किणकिणायच्या. त्यावरून आईला बाबा आल्याचं कळायचं, आणि ती कुकर उतरवून पोळ्यांचा तवा चढवायची. हिवाळ्यात बाबा आत यायचे ते बुटांचा बर्फ पायपुसण्यावर आपटत, आणि कोट काढायच्या आधी पहिला प्रश्न विचारायचे तो आईला नाही, ताईला. आज वॉशिंग्टनमध्ये काय झालं? ताई तेव्हा हायस्कूलमध्ये होती. कुठलं बिल कुठल्या कमिटीत अडकलंय, कुठला सेनेटर ते अडवण्यासाठी तासन् तास बोलत उभा राहिलाय, हे ती बाबांना अशा चवीने सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ही आत्ताच तिथून परत आली आहे. बाबा मूळचे सांगलीचे, हृदयाच्या शस्त्रक्रियेत लागणारे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. घरोघरी क्रिकेटचा स्कोअर विचारतात तसा ते ताईला काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, स्कोअर विचारायचे. मी शेजारी बसून गोळाभात खात असे. आई नागपूरची, त्यामुळे आमच्याकडे थंडी पडली की गोळाभात ठरलेला. वर फोडणीचं गरम तेल ओतलं की चर्र आवाज व्हायचा आणि ताईचं भाषण तेवढ्यापुरतं थांबायचं.

ताईचं नाव मधुरा, माझं रेवा. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी हे मराठीत लिहू शकते आहे तेही तिच्यामुळेच. तळघरात तिने एक पांढरा फळा टांगला होता आणि त्यावर ती मला बाराखडी गिरवायला लावायची. ‘क्ष’ चुकला की पुसून पुन्हा. हीच गोष्ट इंग्रजीत लिहिली असती तर कदाचित लवकर झाली असती. पण इंग्रजीत मी ती पुष्कळ लोकांना सांगून बसले आहे, आणि इंग्रजीत ती दरवेळी इमिग्रेशनची गोष्ट होते. मराठीत ती आमच्या घराची राहते.

आमच्या दोघींच्या जन्माची एक गोष्ट घरात वारंवार सांगितली जायची. बाबा मिनेसोटात पीएचडी करत होते तेव्हा आईला दिवस गेले. दोघंच, विद्यार्थ्यांच्या वसाहतीतली एक खोली, बाहेर बर्फ. नागपूरच्या आजीने फोनवर सांगितलं की पहिलं बाळंतपण माहेरीच होईल, आणि त्यात वाद घालण्यासारखं कुणालाच काही दिसलं नाही. आई सातव्या महिन्यात विमानात बसली. धरमपेठेतल्या घरी आजीने तिची जी बडदास्त ठेवली ती आम्हांला तोंडपाठ होती. सकाळी तेल लावून कढत पाण्याने न्हाणं, मग शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आणि बाळाला धुरी देताना आजी म्हणायची ती गाणी. पाच महिन्यांची ताई घेऊन आई परतली तेव्हा बाबांनी म्हणे विमानतळावर दोघींनाही ओळखलं नाही, इतक्या त्या गुटगुटीत झाल्या होत्या.

माझ्या वेळी आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि ताई पहिलीत होती, म्हणून मी इथेच जन्मले. भर जानेवारीत, मिनिॲपोलिसच्या एका दवाखान्यात. आईला पहिलं खाणं मिळालं ते लाल जेली आणि बर्फाचं पाणी. बाबांनी फोनवर आजीला विचारून मेथीचे लाडू वळले, ते इतके कडू झाले की आईने एक खाल्ला आणि उरलेले खारींना घातले, आणि खारींनीही ते तसेच सोडले. ही गोष्ट ऐकून सगळे हसायचे, आणि मी रुसायचे. लहानपणी मला खरोखर वाटायचं की ताईचा जन्म राजकन्येसारखा झाला आणि माझा नाईलाजाने उरकला. आई मला जवळ घेऊन समजवायची, तुला मी एकटीने जन्म दिला, म्हणून तू माझी जास्त.

मग एका वर्षी या गोष्टीचा अर्थच उलटा झाला. ताईच्या शाळेत काँग्रेसचं नाट्य रंगायचं. मुलंच सदस्य व्हायची, बिलं मांडायची, मतं मिळवायची. ताईचं बिल राज्यपातळीवर गाजलं, आणि तिथे आलेल्या एका लोकप्रतिनिधीच्या ऑफिसातून तिला उन्हाळ्यात कामाला बोलावणं आलं. ती दोन दिवस जमिनीवर नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी साधीच चौकशी केली, आणि मग फार सभ्यपणे सांगितलं की तुला घेता येणार नाही. ताई बाबांच्या व्हिसावर होती, तिला काम करण्याची परवानगी नव्हती. नियमच तसा होता. वाईट कुणीच वागलं नव्हतं.

त्या आठवड्यात मला पहिल्यांदा कळलं की आमच्या घरात दोन तऱ्हेची माणसं राहतात. बाबांची ग्रीन कार्डाची खटपट मी जन्मल्यापासून चालू होती. पहिली कंपनी बंद पडली तशी ती रांग मोडली आणि दुसऱ्या कंपनीत पुन्हा शेवटून सुरू झाली. भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब की माणसं तिच्यात म्हातारी होत होती. आई आणि ताई बाबांच्या पाठीमागे त्याच रांगेत होत्या, पण ताईला तिथे उभं राहता येणार होतं ते एकविसाव्या वाढदिवसापर्यंतच. त्यानंतर ती बाबांची मुलगी राहणार, पण सरकारच्या लेखी त्यांच्यावर अवलंबून राहणार नव्हती. आणि मी कुठल्याच रांगेत नव्हते. मी जेली आणि बर्फाच्या पाण्यासकट अमेरिकन जन्मले होते.

आईने त्यानंतर बाळंतपणाची गोष्ट कधी सांगितली नाही. कुणी पाहुण्यांसमोर विषय काढला तर ती उठून ओट्याशी जायची. आजीचा फोन आला की ती मला किंवा बाबांना द्यायची, आणि आजी बिचारी विचारत राहायची की सुमन माझ्याशी नीट का बोलत नाही. आजीला कुणी सांगायचं? तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत अभिमानाचं काम होतं. मी तेव्हा बारा वर्षांची होते, आणि जेवताना ताईच्या ताटाकडे पाहणं टाळायला लागले. मी काहीच केलं नव्हतं. पण काही न करता एखाद्याची जागा आपल्याला मिळालेली असली की ती परत कशी करायची, हे मला आजही पुरतं उमगलेलं नाही.

ताई इथल्याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकायला लागली आणि वीस वर्षांची झाली. त्या हिवाळ्यातला एक रविवार मला पक्का आठवतो. दुपारची वेळ, बाहेर शेजाऱ्यांचं बर्फ उडवायचं यंत्र घरघरत होतं. आईने पाटवडीचा रस्सा केला होता. ताई गेले काही आठवडे कॅनडाबद्दल वाचत होती. विनिपेगच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळत होता, आणि तिथे शिकून, काम करून, काही वर्षांत कायमचं राहता येत होतं. बाबांनी नेहमीचा प्रश्न बदलून विचारला की यांची संसद म्हणजे नक्की काय असतं, राजा आहे म्हणतात तो काय करतो.

ताईने पाटवड्यांची वाटी बाजूला सरकवली आणि सांगायला लागली. तिथली संसद तीन भाग मिळून होते. राजमुकुट, सेनेट आणि हाउस ऑफ कॉमन्स. खालच्या सभागृहात लोकांनी आपापल्या मतदारसंघातून निवडलेले सदस्य. सेनेटर कुणी निवडून देत नाही, ते नेमले जातात आणि पंच्याहत्तरीपर्यंत बसतात. बिल दोन्हीकडून पार व्हावं लागतं, आणि मग राजाची संमती. राजा समुद्रापलीकडे, म्हणून त्याचा प्रतिनिधी असतो, गव्हर्नर जनरल, तो सही करतो. सरकार चालवतो तो पंतप्रधान, पण तोही खालच्या सभागृहाचा विश्वास असेपर्यंतच. विश्वास गेला की सरकार गेलं, चार वर्षं थांबायला नको.

बाबांना हे सगळं ओळखीचं वाटलं. म्हणाले, म्हणजे आपल्या लोकसभा-राज्यसभेसारखंच, फक्त राष्ट्रपतीच्या जागी राजा. ताई म्हणाली, हो, पण आपण राष्ट्रपती निवडतो, राजा जन्माला येतो. मग मी विचारलं, मी तेव्हा चौदाची होते आणि शाळेत आम्हांला राजाला हाकलून दिल्याचा इतिहास फार अभिमानाने शिकवत होते, की जन्मावरून कुणाला एवढा मान मिळणं अनफेअर नाही का?

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य माझ्यात रुतून राहिलं असेल.

“रेवा, तिकडे जन्मावरून एकाच माणसाचं ठरतं,” ती म्हणाली. “आणि त्यालासुद्धा ते काही ठरवू देत नाहीत.”

 बाहेरचं यंत्र बंद झालं होतं. आईने ताईला आणखी रस्सा वाढला, विचारलंही नाही, वाटी भरून वाहायला लागली तेव्हा थांबली.

मग बाबांनी जे मनात धरून ठेवलं होतं ते काढलं. कंपनीचं विनिपेगला एक छोटं ऑफिस होतं. बदली मागता येईल. आपण सगळेच जाऊ. ताई अजून कॅनडाच्या कायद्यातल्या अवलंबित मुलांच्या वयात बसते आहे, आपल्याबरोबर तीही सरळ आत जाईल. घर विकू. त्यांनी बरंच विचारपूर्वक सांगितलं, थांबत थांबत, आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.  मला शाळा दिसत होती, ऑर्केस्ट्रा दिसत होता, शेजारची हॅना दिसत होती. पण मी हो म्हणाले. मी खरंच हो म्हणाले, आणि माझा आवाज कसा निघाला ते ताईने ऐकलं.

“नाही,” ताई म्हणाली. “बाबा, तुम्ही चौदा वर्षं रांगेत उभे आहात. आता तारीख जवळ आली आहे. सोडलंत तर आईचंही जाईल. एकासाठी तिघांनी उठायचं नाही.”

आई पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, एकटीला कशी पाठवू, उणे तीस असतं तिथे. ताईने इंग्रजीत उत्तर दिलं, ती आईशी सहसा इंग्रजी बोलत नसे, की इथेही उणे तीस असतं, मी ते बघून घेईन. बाबा बराच वेळ तर्जनीने टेबलावरचा रस्सा पुसत राहिले. मग त्यांनी मान हलवली. मला सुटल्यासारखं वाटलं. इतकं स्पष्ट, इतकं शरीरातून सुटल्यासारखं, की मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून ठेवला.

ऑगस्टमध्ये आम्ही तिला सोडायला गाडीने गेलो. फार्गोपर्यंत बाबांनी चालवलं, पुढे ताईने. दोन्ही बाजूंना सूर्यफुलांची सपाट शेतं, आणि गाडीत तिच्या उशा, कुकर, मसाल्याचा डबा. आईने तिच्यासाठी मेतकूट, भाजणी, तिळाची चटणी असं इतकं दिलं होतं की सीमेवरच्या अधिकाऱ्याने झाकणं उघडून वास घेतला. त्याने पासपोर्ट मागितले. माझा अमेरिकन त्याने नुसता उलटला आणि मला विचारलं की सुट्टी कशी चालली आहे. ताईचे कागद तो कितीतरी वेळ पाहत होता. ती खाली उतरून आत गेली, आम्ही गाडीत बसलो. आईने आपली ओढणी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मला वाटलं होतं की आई रडेल. ती म्हणाली, “मी तेव्हा नागपूरला गेलेच नसते तर.” बाबा म्हणाले, “सुमन, तेव्हा कुणाला माहीत होतं.” मला पुढे समजलं की ही दोन वाक्यं ते एकमेकांना वर्षानुवर्षं म्हणत होते, आमच्या मागे.

ताईच्या एकविसाव्या वाढदिवसानंतर दीड वर्षाने रांगेत उरलेल्या दोघांना, म्हणजे आईबाबांना, ग्रीन कार्ड मिळालं. दीड वर्ष. घरात काही गोडधोड झालं नाही. पाकीट ओट्यावर पडून होतं, आई त्याच्या शेजारी भाजी चिरत होती. बाबांना ताईला फोन करायला आठवडा लागला. तिने अभिनंदन केलं, मनापासून केलं असं बाबा म्हणाले.

पुढची वर्षं मी अपराधीपणाने एक सवय लावून घेतली. काही चांगलं झालं की ते ताईपासून दडवायचं. कॉलेज मिळालं ते तिला शेवटी सांगितलं. वॉशिंग्टनला एका उन्हाळ्यात काम मिळालं, ज्या कामावर खरं तर तिचं नाव असायला हवं होतं, ते तिला सांगितलंच नाही. तिला एका मावशींकडून कळलं. ती चिडली नाही, तिने फक्त विचारलं की तिथल्या गॅलरीतून सभागृह कसं दिसतं. मी म्हणाले, ठीक आहे, काही विशेष नाही.  आईची सवय वेगळी होती. दर रविवारी फोनवर ती ताईची माफी मागायची. शब्द फिरवून, कधी थंडीवरून, कधी लग्नाच्या वयावरून, पण गाडी नागपूरवर येऊन थांबायची. आणि ताई तिला समजवायची. तिकडे उणे तीसमध्ये बसस्टॉपवर उभी राहून ती आईला समजवायची की तुझी चूक नव्हती.

ताई शिकली, नोकरीला लागली, एका खासदाराच्या मतदारसंघातल्या ऑफिसात लोकांच्या अर्जांची, पेन्शनची, पासपोर्टची कामं करायला लागली. शेवटी तिच्या नागरिकत्वाची परीक्षा आली. तिला सगळं येतच होतं, तरी तिने मला फोनवर प्रश्न विचारायला लावले. राजाचं काम काय, सेनेटर कोण नेमतं, विश्वास गमावला तर काय होतं. ती उत्तरं द्यायची तेव्हा तिचा आवाज तसाच व्हायचा, बाबांना स्कोअर सांगताना व्हायचा तसा. मी घाईने पुढचा प्रश्न वाचायचे.

शपथविधीला आम्ही तिघंही गेलो. साधं सभागृह, घडीच्या खुर्च्या, वेगवेगळ्या देशांची माणसं ठेवणीतल्या कपड्यांत. ताईने आईची आमसुली पैठणी नेसली होती. हात वर करून तिने राजाशी, त्याच्या वारसांशी एकनिष्ठ राहण्याची शपथ आधी इंग्रजीत घेतली, मग फ्रेंचमध्ये. सांगलीच्या आणि नागपूरच्या घरातली मुलगी, लहानपणी रोज सकाळी अमेरिकेच्या झेंड्यापुढे छातीवर हात ठेवून उभी राहिलेली. आई रडायला लागली. बाहेर आल्यावर, तिथल्या व्हरांड्यात, लोक फोटो काढत होते तिथेच, तिने ताईचा हात धरला आणि सुरुवात केली, की मी तेव्हा जर नागपूरला.

“आई, बास,” ताई म्हणाली. “तू माफी मागतेस, आणि मग मला तुला सांभाळावं लागतं. दर रविवारी. आज मला कुणाला सांभाळायचं नाहीये.”

मग ती माझ्याकडे वळली. “आणि तू. तू मला तुझं काहीच सांगत नाहीस. तुला वाटतं मी मोडून पडेन? मला माझी बहीण हवी होती, रेवा. मला दोन-दोन माणसं नको होती माझ्यापुढे मान खाली घालून.”

बाबा पलीकडे कोट धरून उभे होते. आईचा चेहरा मी विसरू शकत नाही. तिला मारल्यासारखं झालं होतं, आणि तरी तिने हात सोडला नाही. इतकी वर्षं आम्ही जे तिच्यासाठी सोसतो आहोत असं समजत होतो, ते तीच आमच्यासाठी वाहत होती. हे मला त्या व्हरांड्यात कळलं, आणि कळून त्या दिवशी काही हलकं झालं नाही. उलट एक जास्तीचं ओझं आलं, की आता अपराधी वाटणंसुद्धा आपल्याला परवडणारं नाही. आम्ही जेवायला गेलो. सगळ्यांनी इडल्या खाल्ल्या. बिल द्यायच्या आधी मी ताईला सांगितलं की वॉशिंग्टनच्या गॅलरीतून सभागृह फार लहान दिसतं, आणि गालिचा निळा आहे, आणि मला पहिल्या दिवशी तिची इतकी आठवण आली होती की मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले होते. ती म्हणाली, “हे तेव्हा सांगायचंस.”

त्यानंतर तिथे निवडणूक आली तेव्हा आई आणि मी योगायोगाने ताईकडे होतो. योगायोग म्हणजे आईनेच तिकिटं काढली होती, पण तसं ती म्हणत नव्हती. मतदान एका शाळेच्या जिममध्ये होतं. मी गाडी चालवली. ताईने आम्हांला पार्किंगमध्येच थांबायला सांगितलं, तुमचं आत काही काम नाही म्हणाली, आणि कोटाची टोपी वर ओढून चिखलाळ झालेल्या बर्फातून चालत गेली. आई काच पुसून पाहत राहिली. वयस्कर माणसं, बाबागाडी ढकलणारी एक बाई, एक शीख जोडपं, सगळे त्याच दारातून आत जात होते. आम्ही दोघी बाहेरच्या होतो. ते मला चमत्कारिक वाटलं आणि बरंही वाटलं.

ताई परत आली ती हातांवर फुंकर घालत. गाडीत बसल्यावर आईने विचारलं, पंतप्रधानाला दिलंस का? ताईने सीटबेल्ट लावता लावता सांगितलं की पंतप्रधानाचं नाव आमच्या मतपत्रिकेवर नसतंच, आपण फक्त आपल्या मतदारसंघातला एक माणूस निवडतो, बाकीचं सभागृहात ठरतं. आईने ते समजून घेतलं. मग विचारलं, बरं, त्या एकात तू कोणाला दिलंस?

“ते सांगायचं नसतं, आई.”

मला वाटलं आता आई दुखावेल, किंवा माफी मागेल. ती समोर बघून थोडी हसली, आणि मला म्हणाली, “चल, गाडी काढ. हिला भूक लागली असेल.”